बापाचा सातबारा, मुलाची पत

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एकाच उस्तादाच्या हाताखाली लेथ शिकलेले दोन तरुण स्वतःचे यंत्र घेण्यासाठी कर्जाची दरखास्त घेऊन बँकेत गेले, तर त्यांच्या हातचे कसब पारखण्याची काही तजवीज तेथे नसते. ज्याच्या वडिलांच्या नावे पंचगंगाकाठची बागायत आहे, ज्यांचे ऊसबिल दरसाल खात्यावर जमा होते आणि ज्याचे मामा-चुलते पगाराचे दाखले घेऊन सहीला उभे राहतात, त्याचे प्रकरण विनासायास मार्गी लागते, आणि ज्याच्या बापाची हयात हमालीत गेली, त्याला ‘दोन नोकरदार जामीनदार आणा’ एवढ्या शब्दांवर परत फिरावे लागते.

कायदा या मुलाच्या विरुद्ध नाही. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जास तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक २०१० चा; मुद्रा योजना २०१५ ची. अण्णासाहेब पाटील महामंडळ तर व्याजाचा परतावाही देते. परंतु तो परतावा बँकेने कर्ज मंजूर केल्यानंतरचा. ज्याला उंबरठ्यावरच अडविले, त्याच्यापर्यंत ही सवलत पोहोचणार कशी?

मुलींची कैफियत याहून कठीण आहे. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीत कन्येस पुत्राइतकाच हिस्सा दिला. पण माहेर तुटू नये म्हणून ती हक्कसोडपत्रावर सही करते, आणि पुढे शिलाईचा कारखाना काढावयाचे मनात आले की तारणास तिच्या नावे गुंठाभरही जमीन उरलेली नसते. हा अन्याय घरात घडतो, म्हणून तो लहान ठरत नाही.

याच करवीरात राजर्षी शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना चहाचे दुकान काढण्यास साह्य केले आणि अस्पृश्याच्या हातचा चहा कोणी घेईना, तेव्हा स्वतः तेथे जाऊन चहा घेतला. पैसा तर दरबाराने दिलाच. परंतु जन्माने नाकारलेली पत छत्रपतींनी आपल्या उपस्थितीने त्या माणसाच्या पाठीशी उभी केली, हे त्याहून मोठे होते.

ती जबाबदारी आज शासनाने आणि जिल्ह्यातील सहकारी बँकांनी उचलली पाहिजे. ठरावीक रकमेपर्यंत जामीनदाराची अट रद्द व्हावी, बुडीताचा भार शासकीय हमी निधीने सोसावा, आयटीआयचे प्रमाणपत्र व हाती असलेली कामे पत असल्याचा पुरावा म्हणून ग्राह्य धरावीत, आणि नामंजूर झालेल्या प्रत्येक दरखास्तीचे कारण अर्जदारास लेखी मिळावे.