आधी कोण जाणार?



या वेळचा आमचा विषय तसा लहानच. ना सणाचा, ना सभेचा. विषय आहे आपल्या गल्लीचा. कडेला गाड्या लावलेल्या, मध्ये एकच गाडी जाईल एवढी वाट, आणि तिच्या दोन टोकांना समोरासमोर दोन गाड्या. आधी कोण जाणार? लोद असो, रामला असो, अश्दोद, बेर शेवा किंवा दिमोना, गाडी चालवणाऱ्याला हा प्रश्न रोज पडतो. सिनेगॉगमध्ये दुसऱ्यासाठी उठून खुर्ची देणारी आपली माणसं गाडीत बसली की मात्र एक हात वाट सोडायला तयार होत नाहीत, असं का, हे आम्हाला कोडंच आहे.

आधी हे बघू की ही वेळ येतेच का. आपली कितीतरी कुटुंबं राहतात त्या जुन्या वस्त्या, ते शिकुनीम, १९५० आणि १९६० च्या दशकांत बांधलेले. त्या काळी गाडी असलेलं घर विरळा. गल्ल्या आखल्या त्या पायी जाणाऱ्यांसाठी आणि एखाद्या भाजीच्या किंवा बर्फाच्या गाडीसाठी. आज देशात ४० लाखांहून अधिक वाहनं आहेत. एका घरात बापाची एक, मुलाची एक, कधी सुनेचीही एक. इमारती त्याच, गल्ल्या त्याच, गाड्या मात्र कितीतरी पट. मग दोघांच्या वाटेवर एकाच वेळी एकच जण मावतो.

आता नियम. तो अगदी सोपा आहे, पण थिअरीची परीक्षा पास झाली की आपण तो विसरून जातो. अडथळा ज्याच्या बाजूला, थांबायचं त्याने. उभ्या गाड्या माझ्या उजव्या हाताला असतील, तर त्यांना वळसा घालायला मला समोरच्याच्या अर्ध्या रस्त्यात शिरावं लागतं. म्हणजे मी पाहुणा, तो घरचा. पाहुण्याने दारात थांबायचं. १९६८ च्या व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय वाहतूक करारातही हेच सांगितलं आहे आणि इस्राएल त्या करारात सामील आहे. समोरून येणाऱ्याच्या बाजूला अडथळा असेल तर ज़्खूत कदिमा, म्हणजे आधी जाण्याचा हक्क, आपला. काही अरुंद जागी दोन बाणांची पाटी लावलेली असते. लाल बाण ज्याच्या दिशेचा, थांबायचं त्याने, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

दुसरा नियम चढाचा. अरुंद उतारावर दोन गाड्या समोरासमोर आल्या, तर उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची. कोकणातून घाटमार्गे आलेल्या आपल्या जुन्या मंडळींना हे सांगायला नको. एस.टी. घाट चढत असली की वरून येणारा ट्रक कडेला दबून उभा राहायचा. कारण उघड आहे. चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा हलवणं कठीण, मागे घसरण्याची भीती. उतरणाऱ्याला फक्त ब्रेक सोडायचा असतो.

आता खरा पेच. दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या, रस्ता सपाट, पाटी नाही. अडथळा दोघांचाही. मग? इथे कायद्याचं पुस्तक थोडक्यात आटपतं आणि माणसाची अक्कल सुरू होते. पण आपल्या ज्ञानी पूर्वजांनी हा प्रश्न गाड्या येण्याआधी दीड हजार वर्षं सोडवून ठेवला आहे. तलमूदच्या सन्हेद्रिन भागात याची चर्चा आहे. नदीत दोन होड्या समोरासमोर आल्या. दोघींनी एकदम पुढे जायचं म्हटलं तर दोन्ही बुडतील, एकामागून एक गेल्या तर दोन्ही पार होतील. तसंच बेत होरोनच्या चढावर दोन उंट समोरासमोर आले तर. आधी कोणाला सोडायचं? ओझ्याचा उंट आणि रिकामा उंट असेल तर रिकाम्याने थांबावं. एक मुक्कामाजवळ पोचलेला आणि दुसरा लांबचा असेल तर जवळच्याने थांबावं. दोघेही सारखेच असतील तर आपसांत तडजोड करावी, आणि आधी जाणाऱ्याने थांबणाऱ्याला भरपाई द्यावी. ही चर्चा निघते ती तोरातल्या न्यायाच्या आज्ञेवरून. तिथे न्याय हा शब्द दोनदा आला आहे. ज्ञानी लोक म्हणतात, एक निवाड्यासाठी आणि एक तडजोडीसाठी. मोदीइनहून येरुशलायिमला ४४३ नंबरच्या रस्त्याने जाणाऱ्यांनो, बेत होरोन त्याच वाटेवर लागतं. पुढच्या खेपेला तिथून जाताना त्या दोन उंटांची आठवण काढा.

आजच्या गल्लीत ओझ्याचा उंट म्हणजे कोण? बस, कचऱ्याची गाडी, माल भरलेला ट्रक, मागच्या सीटवर तान्हं मूल घेतलेली आई, आणि नुकतं लायसन मिळालेला, घाम फुटलेला पोरगा. रिकामा उंट म्हणजे ज्याच्या मागे कोणी नाही, ज्याच्या बाजूला गाडी घुसवण्याइतकी मोकळी जागा आहे, ज्याला दहा मीटर मागे सरकलं की काम होतं. ज्याला सोपं, त्याने थांबावं. आणि भरपाई? पैसे नकोत, हात वर करून एक तोडा. एवढी भरपाई मिळाली तरी थांबणाऱ्याचं मन भरतं. ती न देणारे मात्र आम्हाला रोज भेटतात.

पण आपल्या देशात एक शब्द आहे जो सगळं बिघडवतो. फ्रायर. मी फ्रायर नाही, मला कोणी मूर्ख बनवू शकत नाही. मी वाट दिली तर तो मला फ्रायर समजेल, म्हणून मी नाही देणार. समोरचाही नेमकं हेच म्हणत असतो. मग दोन न-फ्रायर एकमेकांच्या नाकाला नाक लावून पाच मिनिटं उभे राहतात, आणि त्यांच्या मागे दहा माणसं खोळंबतात. आता सांगा, यात शहाणा कोण? चार गाड्या निघून जायला फार तर पंधरा-वीस सेकंद लागतात. भांडायला त्याच्या वीसपट.

आणि गोष्ट नुसत्या वेळेची नाही. आमच्या पाहण्यातला एक प्रसंग सांगतो. नावगाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. एका जुन्या वस्तीत दोन गाड्या अशाच अडल्या. दोघांनाही मागे सरकायला सुरुवातीला जागा होती. कोणी सरकलं नाही. तेवढ्यात एकाच्या मागे तीन गाड्या येऊन थांबल्या, आणि दुसऱ्याच्या मागे मागेन दाविद अदोमची ॲम्ब्युलन्स. आता हलायचं म्हटलं तरी कोणालाच हलता येईना. शेवटी ॲम्ब्युलन्सची माणसं उतरली आणि स्ट्रेचर हातात घेऊन चालत निघाली. तिसऱ्या मजल्यावर आपल्याच समाजाच्या एक आजीबाई छातीत दुखतं म्हणून पडल्या होत्या. देवाच्या कृपेने त्या वाचल्या. पण त्यांच्या मुलाने खिडकीतून खाली पाहत काढलेली ती मिनिटं कोण भरून देणार? आपल्या वस्त्यांतली जुनी पिढी आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहे. १०१ नंबर फिरवायची पाळी आज त्यांच्यावर, उद्या आपल्यावर. गल्ली मोकळी ठेवणं हे वडीलधाऱ्यांना मान देण्यातच येतं, असं आम्ही समजतो.

आता भारतातून अलीकडे आलेल्यांसाठी दोन गोष्टी. तिकडे आपण डावीकडून चालतो, इकडे उजवीकडून. हे चार दिवसांत अंगवळणी पडतं, पण घाबरलेल्या क्षणी हात जुन्या सवयीने डावीकडेच वळतात. इथे डावीकडे समोरची गाडी असते! तेव्हा अरुंद जागी वेग आधीच कमी ठेवा, म्हणजे दचकून वळायची वेळच येणार नाही. दुसरं, दिव्याची भाषा. महाराष्ट्रात डिपर मारला म्हणजे मी येतोय, तू थांब. इथे बरेचदा त्याचा अर्थ ये, तू जा असा घेतात. दोन भाषांचे दोन लोक एकच खूण करून एकमेकांवर आदळू शकतात. म्हणून दिव्यावर विसंबू नका, समोरची गाडी खरंच थांबली का ते बघा. हॉर्नचंही तसंच. ट्रकच्या मागे हॉर्न वाजवा म्हणून लिहिण्याची पद्धत महाराष्ट्रात होती, ती सरकारने २०१५ मध्ये बंद केली. इथे तर वस्तीत हॉर्न फक्त धोका टाळण्यासाठी वाजवायचा असतो, राग काढण्यासाठी नाही. आणि समोरच्याने पाचही बोटं जुळवून हात हलवला तर तो जेवायला बोलावत नाही, रेगा म्हणतोय, जरा थांब.

थांबायचं कसं, हेही सांगतो. उभ्या गाडीच्या अगदी बुडाला चिकटून थांबू नका. एक गाडीभर अंतर मागे राहा, म्हणजे समोरचं दिसतं आणि निघताना एकदम बाहेर वळता येतं. निघण्यापूर्वी डावा सिग्नल द्या आणि आरशात बघा, कारण मागून एखादा कोर्किनेटवाला पोरगा सुळकन येत असतो. उभ्या गाड्यांपासून शक्य तर एक मीटर अंतर ठेवा, दार कधीही उघडू शकतं. तेवढी जागा नसेल तर वेग पायी चालण्याइतका करा. ५० किलोमीटरच्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर पुढे जाते, ३० च्या वेगाने ८ मीटरच्या थोडी वर. दोन उभ्या गाड्यांमधून चेंडूमागे धावणारं मूल दिसायला आणि पाय ब्रेकवर जायला तेवढाच एक सेकंद लागतो. नऊ वर्षांखालच्या मुलांनी एकट्याने रस्ता ओलांडू नये असं इथे सांगतात ते उगीच नाही. बॉनेटच्या मागे ती दिसतच नाहीत.

शेवटी गाडी लावणाऱ्यांसाठी, कारण निम्मी भांडणं त्यांनीच पेरलेली असतात. कडेला चिकटून, सरळ लावा. बाहेरचा आरसा आत मिटा. चौकापासून आणि झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडे १२ मीटरच्या आत गाडी लावायला मनाई आहे, लाल-पांढऱ्या कडेला तर थांबायलाही. दोन्ही इंडिकेटर चालू करून दुसऱ्या रांगेत गाडी सोडली म्हणजे परवाना मिळाला असं नाही. दार उघडताना उजव्या हाताने उघडा, म्हणजे अंग आपोआप वळतं आणि मागून येणारा दिसतो. आणि एक घरचं सांगणं. आपले मलिद्याचे, मेंदीचे कार्यक्रम संपले की आपण निघतो, निघतो म्हणत अर्धा तास रस्त्यातच उभे राहतो. दारं उघडी, डबे हातात, मामींचं बोलणं संपत नाही. निरोप हॉलच्या आत घ्या, मंडळी. पोळ्या तिथेही तितक्याच गोड लागतात.

हिब्रूत सभ्यपणाला दरेख एरेत्स म्हणतात, आणि दरेख म्हणजेच रस्ता. तेव्हा या आठवड्यात एक करून बघा. हक्क आपला असला तरी दिवसातून एकदा समोरच्याला हाताने खूण करा, आधी तुम्ही जा. तो आपल्याला फ्रायर समजला तर समजू दे. मागे कोणाच्या आईसाठी ॲम्ब्युलन्स येत असेल, ते आपल्याला कुठे ठाऊक असतं?

सर्वांना सुखरूप प्रवास, आणि शब्बात शालोम.