बँकेच्या दगडाला पत्रा कशाला?

आमच्या तालुक्याच्या बँकेची जुनी दगडी इमारत काच आणि पत्र्याने मढवायचा विषय येत्या वार्षिक सभेत येतोय. 'काळाबरोबर चाललं पाहिजे' म्हणे! बरं, काळ काय शिकवतो ते बघू.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात ओवाटोना हे शेतीवर जगणारं छोटं शहर. तिथल्या नॅशनल फार्मर्स बँकेने १९०८ साली लुई सलिव्हन या वास्तुविशारदाकडून भर चौकात इमारत बांधून घेतली. विटांच्या भिंती, रंगीत काचांच्या भल्यामोठ्या कमानी, आत गाईंची आणि सुगीची भित्तिचित्रं. पैसा शेतकऱ्यांचा, म्हणून भिंतीवरही शेतकऱ्याचंच जग.

१९२६ मध्ये बँक बुडाली. पुढे १९४० मध्ये 'आधुनिकीकरण' झालं आणि रोखपालांच्या नक्षीदार जाळ्यांसकट आतलं बरंच काम उखडलं. वीस वर्षं व्हायच्या आत, १९५८ च्या सुमारास, हॅरिस नावाच्या वास्तुविशारदाला बोलावून इमारत सावरावी लागली. तोडलेलं सगळं काही परत आलं नाही. १९७६ मध्ये ती राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू ठरली. आणि इमारत सावरल्यावरही बँकेचा व्यवहार तिथेच चालू राहिला!

म्हणून 'सोय हवी की वारसा' हा वादच मला खोटा वाटतो. रॅम्प करा, एटीएम लावा, वायरिंग बदला. कोण नको म्हणतंय? पण दगड झाकून कुठल्या खातेदाराची रांग कमी होणार?

सभासदहो, शेअर आपले, खर्चही आपल्याच पैशातून. चहा-बिस्किट घेऊन नुसते हात वर करू नका. आधी अंदाजपत्रक मागा.