कूस उसनी, आस स्वतःची

मार्च २०२० मध्ये करोनाची साथ पसरली आणि तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया ठिकठिकाणी थांबल्या. अमेरिकेतील प्रजनन-वैद्यकांच्या संघटनेने मूल होण्यासाठीचे नवे उपचारही तूर्त सुरू करू नयेत, असे सुचवले. गर्भाशय प्रत्यारोपण तर जीव वाचवणारी शस्त्रक्रिया नव्हेच. तरीही त्या दिवसांत काही स्त्रिया तिची वाट पाहत होत्या. का?

सुमारे साडेचार-पाच हजार मुलींमागे एक मुलगी गर्भाशयाविना जन्माला येते. ती वयात येते, बीजांडेही असतात. पाळी मात्र येत नाही. काहींचे गर्भाशय कर्करोगामुळे किंवा बाळंतपणातील रक्तस्रावामुळे काढावे लागते. अशा स्त्रीला दुसरीचे गर्भाशय बसवून पहिले बाळ जन्मले ते २०१४ साली, स्वीडनमध्ये. आपल्या पुण्यात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांनी मे २०१७ मध्ये भारतातील पहिले प्रत्यारोपण केले आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये तिथे बाळही जन्मले. त्या बाळाच्या आईला गर्भाशय दिले होते तिच्याच आईने. ज्या कुशीत ती वाढली, त्याच कुशीत तिचे बाळ वाढले.

याची किंमत मोठी आहे. परके गर्भाशय शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे रोज घ्यावी लागतात. साथीच्या काळात हा धोका आणखी वाढतो. बाळंतपण सिझेरियननेच होते. एक-दोन मुले झाली की गर्भाशय काढून टाकतात आणि औषधे थांबतात.

इतके सोसायची तयारी कशासाठी? पहिले कारण साधे आहे: बाळाची हालचाल स्वतःच्या पोटात अनुभवायची ओढ. दुसरे कारण वयाचे. साथ थांबेपर्यंत वय थांबत नाही, आणि गर्भाशय देणाऱ्या आईचेही वय वाढतच असते. तिसरे म्हणजे इतर वाटा बंद असणे. अनेक देशांत कायदा सरोगसीला मनाई करतो. आपल्याकडे बहुतेक उलमा ती नाजायज मानतात, आणि यतीम मुलाला वाढवणे मोठ्या सवाबचे काम असले तरी त्याचा नसब बदलत नाही. जिद्दाच्या फिक्ह अकादमीने १९९० मध्ये बीजांडकोशाचे प्रत्यारोपण नाकारले, कारण त्यातून दुसऱ्याचा वंश येतो. आनुवंशिक गुण न वाहणाऱ्या अंतर्गत अवयवांना मात्र शरई जरुरत आणि अटींसह वाव ठेवला. कोणी हा विचार करत असेल तर डॉक्टरांइतकेच जाणकार मुफ्तींनाही विचारावे.

चौथे कारण कुठल्याही अर्जावर लिहिले जात नाही. ते म्हणजे लग्नघरात, बारशाला, ईदच्या दिवशी कानावर पडणारा तोच प्रश्न, "अजून काही नाही?" आस तिची स्वतःची असेल तर तिला साथ द्यावी. पण केवळ आपल्या टोमण्यांपायी एखादी सून शस्त्रक्रियेच्या टेबलावर जात असेल, तर जबाब आपल्याला द्यावा लागेल.

उम्मुल मोमिनीन हजरत आयशा (र.अ.) यांना अपत्य नव्हते. भाच्याच्या नावावरून त्यांना 'उम्मे अब्दुल्लाह' म्हणत. उम्मतीने त्यांच्याकडून दीन शिकला. त्यांची रिकामी कूस कोणी मोजली नाही. म्हणून सासूबाईंनी, नवऱ्याने अशा मुलीला एकदा एकांतात विचारावे, "बेटा, तुला काय हवे आहे?" आणि तिचे उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नये.