सात सेकंदांच्या मतासाठी दोन तासांची रांग

२० मे २०२४, लोकसभेच्या मतदानाचा दिवस. लालबाग-परळमधले मतदार उन्हात घामाघूम होऊन रांगेत उभे होते. मतदान संथ चालल्याच्या तक्रारी मुंबईभर झाल्या आणि खापर फुटलं ते नेहमीप्रमाणे यंत्रावर.

यंत्राला लागतो किती वेळ? निळं बटण दाबलं की उमेदवारापुढे लाल दिवा लागतो. शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या काचेआड नाव आणि चिन्हाची चिठ्ठी सात सेकंद दिसते, मग पेटीत पडते. लांब शिट्टीसारखा आवाज झाला की काम फत्ते.

वेळ जातो तो त्याआधीच. यादीत नाव शोधा, ओळखपत्र पाहा, डाव्या तर्जनीला शाई लावा, नोंदवहीत सही घ्या. मग कुठे तिसरा अधिकारी कंट्रोल युनिटवरचं बटण दाबून मतपत्रिका खुली करतो. त्यात खिशातल्या मोबाइलवरून दारातच वाद. फोन बाहेर जमा करून घेण्याची सोय निवडणूक आयोगाला सुचली ती २०२५ मध्ये!

दक्षिण मुंबईत तेव्हा जेमतेम निम्म्या मतदारांनी मत दिलं. गिरगावातल्या आजींना खुर्ची, सावली, पाणी आणि यादी तपासायला आणखी एक टेबल द्यायला कोणतंही नवं तंत्रज्ञान लागत नाही.