विजेलाही पाळी लावा!

मंडळी, या हंगामात माझी मोटार दुसऱ्यांदा जळाली. वाइंडिंगवाला म्हणाला, "तुमच्या डीपीवरची ही चौथी." साडेसात एचपीपर्यंत वीज मोफत झाली, चांगलं झालं. पण वाइंडिंगचं बिल कोण माफ करणार?

जरा हिशेब करू. आमची डीपी 100 केव्हीएची. तिच्यावर पाच एचपीच्या 15 मोटारी. चालू मोटार साधारण 8 अँपिअर घेते, म्हणजे सगळ्या मिळून 120. डीपी 130 च्या वर देऊ शकते. पुरतंय की! पण मोटार सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते. पंधराही स्टार्टरला ऑटो. लाईट आली की सगळ्या एकदम उठतात आणि मागणी जाते 600 अँपिअरच्या वर. व्होल्टेज धाडकन पडतं. 415 चं 290 झालं की मोटारीचा जोर निम्म्यावर येतो. ती धड उठत नाही, नुसती घुमत राहते आणि वाइंडिंग तापतं. नियमाने व्होल्टेज 6 टक्क्यांहून जास्त हलू नये, म्हणजे 390 च्या खाली जाऊ नये. नियम कागदावर, मोटार दुकानात.

साहेबांचं उत्तर ठरलेलं: "ऑटो काढा." अहो, रात्री बारा वाजता बिबट्याच्या भीतीत बटण दाबायला कोण जाणार? लाईटचा भरवसा नाही म्हणूनच ऑटो बसला ना? पुढाऱ्यांचंही उत्तर ठरलेलं: "नवीन डीपी देतो." भार जास्त असेल तिथे ती हवीच. पण तिच्यावरही सगळ्या मोटारी एकदम उठल्या तर रडगाणं तेच.

थांबू शकेल असा भार गावात कुठला? दवाखान्याचा फ्रीज थांबत नाही, पोरांच्या अभ्यासाचा दिवा थांबत नाही. उसाला पाणी दहा मिनिटं उशिरा गेलं तर ऊस रुसत नाही!

म्हणून ऑटो ठेवा, पण त्याला टायमर जोडा. प्रत्येकाची वेळ वेगळी. पहिली मोटार लगेच, दुसरी मिनिटाने, पंधरावी 14 मिनिटांनी. सगळ्यांनी एकच वेळ लावली तर उपयोग शून्य. व्होल्टेज 390 च्या खाली असेल तर पुढची मोटार थांबेल, असा रिले बसवा. क्रम दर आठवड्याला फिरवा, म्हणजे कोणी कायम शेवटी नको.

हे काही परकं नाही. पांझरा-मोसमच्या काठी फड पद्धतीत पिढ्यानपिढ्या पाण्याची पाळी पाळली गेली. मग विजेची का जमू नये?

आता सौर फीडर येताहेत. भर उन्हात मोटारी बंद असतील तर तिथे व्होल्टेज उलट चढतं. तेव्हा मोटारी चालवायच्या, ऊन उतरलं की काही थांबवायच्या. लगाम आपल्याच स्टार्टरमध्ये आहे.

कंपनीकडे मागणी दोनच: टायमर आणि रिले तुमच्या खर्चाने बसवा, आणि जाहीर केलेलं वेळापत्रक पाळा. आपल्याकडूनही एक शब्द: रात्रीत जाऊन कोणी टायमर काढायचा नाही. एकाने काढला की पंधराही जण पुन्हा वाइंडिंगच्या रांगेत.

आमच्या डीपीवरचे सगळे रविवारी पारावर बसतोय. तुमच्या डीपीवर मोटारी किती आणि ऑटो किती, एकदा मोजा तरी!