मराठी गोष्टीत मुलांना दुःखही भेटू द्यावे

परदेशातील मराठी मंडळांच्या ग्रंथपेट्यांत आणि रविवारच्या मराठी शाळांत मुलांसाठी जी पुस्तके ठेवलेली असतात, त्यांत शिवचरित्र, पंचतंत्र, इसापनीती, अकबर-बिरबल आणि सणवारांची माहिती यांचाच भरणा असतो. कुमारसाहित्य, म्हणजे साधारण दहा ते सोळा वर्षांच्या वाचकांना आपले वाटेल असे आणि बहुधा त्याच वयाच्या मुलाच्या नजरेतून सांगितलेले कथालेखन, तेथे क्वचितच आढळते. आणि त्यातही मैत्री जुळणे व तुटणे, शाळा सुटणे, गाव सोडावे लागणे, घरातले माणूस जाणे अशा एकाएकी येणाऱ्या बदलांविषयीचे पुस्तक शोधूनही सापडत नाही. ही निवड कोणी ठरवून केलेली नसली, तरी तिचे परिणाम लहान नाहीत. मुलांना मराठीतून केवळ बोध आणि अभिमान मिळत राहिला आणि दुःखाचे शब्द मिळालेच नाहीत, तर त्यांच्या आयुष्यातील खऱ्या प्रसंगी ही भाषा त्यांच्या उपयोगी पडणार नाही.

मंडळाच्या गणेशोत्सवात किंवा वार्षिक संमेलनात मुलांना मराठी गोष्टीविषयी विचारले असता, शेवट आधीच कळतो आणि शेवटी मोठ्यांचेच ऐकायचे असते, असे उत्तर त्यांच्याकडून मिळते. या उत्तरावर सभागृहात हसू उमटते आणि कार्यक्रम पुढे सरकतो. वास्तविक तो मुलांनी नोंदवलेला अत्यंत अचूक वाङ्मयीन अभिप्राय आहे. बोधकथेत, म्हणजे तात्पर्य सांगण्यासाठीच रचलेल्या कथेत, पात्रावर जे काही ओढवते ते त्याच्या चुकीमुळे ओढवते आणि चूक सुधारली की संकट टळते. परंतु परदेशातील मराठी मुलांच्या वाट्याला येणारे बदल त्यांच्या चुकीमुळे आलेले नसतात. वडिलांची नोकरी बदलते, आईची बदली होते, व्हिसाची मुदत संपते, आणि ज्या मित्राबरोबर तीन वर्षे डबा खाल्ला त्याचा निरोप दोन आठवड्यांत घ्यावा लागतो. कोल्हापुरातील आजी गेल्याची बातमी पहाटेच्या फोनवर येते आणि तिकीट एकालाच परवडते. या प्रसंगांना तात्पर्य नसते. त्यांना शब्द मात्र लागतात, आणि ते शब्द पुरवणे हे कथेचे काम आहे.

मराठीत अशा कथा नाहीत, हा समज चुकीचा आहे. कोल्हापूर आणि त्याला लागून असलेला सीमाभाग एवढाच प्रदेश डोळ्यांपुढे ठेवला तरी त्याची प्रचिती येते. हा प्रदेश घर सोडून आलेल्या मुलांचा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले, त्यानंतर निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहांची मालिकाच उभी राहिली, १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा निर्णय झाला, आणि खेड्यापाड्यांतील मुले वळकटी घेऊन अनोळखी मुलांच्या शेजारी झोपायला शिकली. पुढे धरणे आली आणि वारणा नदीवरील चांदोली धरणाने उठवलेल्या गावांतील कुटुंबे कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांत नव्या वसाहतींत राहू लागली. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा नदीने राजाराम बंधाऱ्याजवळची ४३ फुटांची धोक्याची पातळी मागे टाकून ५५ फुटांची रेषा ओलांडली, पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला, आणि चिखली, आंबेवाडी, शिरोळ भागांतील मुलांनी एका रात्रीत घर, दप्तर आणि गोठ्यातले जनावर सोडून जाणे म्हणजे काय असते ते अनुभवले. त्या वेळी परदेशातील मराठी माणसांनी मदत पाठवली. परंतु त्या मुलांच्या मनात काय उलथापालथ झाली असेल, हा विषय आपल्या घरांतील मुलांपुढे फारसा आला नाही.

या प्रदेशातून आलेल्या लेखनात पहिला मान कागलच्या आनंद यादव यांच्या ‘झोंबी’ला द्यावा लागतो. ही आत्मचरित्रात्मक कादंबरी, म्हणजे स्वतःच्या जीवनातील घटना कादंबरीच्या रीतीने मांडणारी रचना, १९८७ साली प्रसिद्ध झाली आणि १९९० साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ती मुलांसाठी म्हणून लिहिलेली नाही. तथापि तिचे काही भाग बारा-तेरा वर्षांच्या वाचकाला थेट भिडतात. वडिलांनी शाळेतून काढून शेताला जुंपलेला मुलगा आईच्या मदतीने गावातील वजनदार गृहस्थाकडे दाद मागतो आणि पुन्हा शाळेत जातो; पण तोवर सोबतची मुले वरच्या वर्गात गेलेली असतात, वर्गात बहुतेक चेहरे अनोळखी आणि वयाने लहान असतात, आणि पहिल्याच दिवशी त्याच्या वेशाची टिंगल होते. ज्या शाळेसाठी एवढा झगडा केला तीच परकी वाटू लागते. पुढे वसंत पाटील नावाच्या हुशार मुलाकडे पाहून तो वह्यापुस्तके नीट ठेवू लागतो, गणिते सोडवू लागतो, आणि अभ्यासातून दोघांची मैत्री होते. परदेशात वर्षाच्या मध्येच नव्या शाळेत दाखल झालेल्या मराठी मुलाला या प्रसंगातील प्रत्येक गोष्ट ओळखीची वाटेल; ऊस, गुऱ्हाळ आणि पाटाचे पाणी अनोळखी असले, तरी वर्गाच्या दारात उभे राहताना पोटात पडणारा गोळा तोच आहे. याच कादंबरीतील एक भाग ‘जूझ’ या नावाने हिंदी अनुवादात राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या बारावीच्या हिंदी पाठ्यपुस्तकात अनेक वर्षे शिकवला गेला. म्हणजे कागलच्या मुलाची ही कहाणी उत्तर भारतातील विद्यार्थ्यांनी अभ्यासली आणि कोल्हापुरातून परदेशी गेलेल्या घरांतील मुलांनी तिचे नावही ऐकले नाही, ही स्थिती खेदजनक आहे.

दुसरे नाव लंपनचे. प्रकाश नारायण संत यांच्या ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ या चार संग्रहांतून वाढणारा हा मुलगा आईवडिलांपासून दूर, सीमाभागातील एका लहान गावात आजी-आजोबांकडे राहतो. लेखकाचा जन्म १९३७ सालचा, आई कवयित्री इंदिरा संत, आणि वडील ना. मा. संत १९४६ साली निवर्तले. त्या काळाचा आणि त्या मुलखाचा गंध या कथांना आहे. लंपनला आईची आठवण येते, पण ती तो कोणाला सांगत नाही. सुमी या मुलीशी त्याचे जे नाते आहे त्याला तो नाव देत नाही. आणि गावातील मित्रांबरोबर हिंडताना मधूनच त्याला एकटे वाटते. या कथांत कोणीही त्याला समजावून सांगत नाही की असे वाटणे चांगले की वाईट. म्हणूनच वाचणाऱ्या मुलाला स्वतःचे एकटेपण लपवण्याची गरज उरत नाही. या कथांवर आधारित ‘लंपन’ ही मालिका २०२४ साली सोनी लिव्हवर आली आणि त्याच वर्षी गोव्यातील भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तिला सर्वोत्कृष्ट वेब मालिकेचा पुरस्कार मिळाला. ज्या घरांत मुले अद्याप देवनागरी सफाईने वाचत नाहीत, तेथे या मालिकेपासून आरंभ करणे सहज शक्य आहे.

याशिवाय ल. म. कडू यांची ‘खारीच्या वाटा’ ही धरणाखाली जाणाऱ्या गावातील मुलाचे भावविश्व मांडणारी कादंबरी आहे. तिला २०१७ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. कोल्हापूर जिल्ह्यातील वनरक्षक सलीम सरदार मुल्ला यांच्या ‘जंगल खजिन्याचा शोध’ या कादंबरीला तोच पुरस्कार २०१९ साली लाभला. थोड्या मोठ्या वाचकांसाठी किरण गुरव यांचा ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ हा २०२१ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेला कथासंग्रह आहे. एवढेच नव्हे, तर प्रत्येक मराठी घरात असणाऱ्या ‘श्यामची आई’चे वाचनही एकांगी झाले आहे. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेले हे पुस्तक आज्ञाधारकपणाचे पाठ म्हणून वाचले जाते. पण कर्जापायी होणारी जप्ती, शिक्षणासाठी घर सोडून दूर गेलेला मुलगा आणि त्याच्या गैरहजेरीत झालेला आईचा मृत्यू हा त्याचा कणा आहे. परदेशात राहून आईवडिलांच्या शेवटच्या दिवसांत पोहोचू न शकलेल्या पिढीला हे पुस्तक मुलांपुढे उघडून बसण्याचे धैर्य होत नसेल, तर ते समजण्यासारखे आहे. परंतु म्हणून त्यातील केवळ सुविचार फळ्यावर लिहून दाखवणे हा त्या पुस्तकावरील अन्याय आहे.

येथे पालकांचा नेहमीचा आक्षेप असा की मुलांना दुःखद गोष्टी कशाला द्याव्यात. हा आक्षेप टिकत नाही, कारण दुःखद गोष्टी मुले वाचतातच, फक्त इंग्रजीत वाचतात. कॅथरिन पॅटरसन यांची ‘ब्रिज टू टेराबिथिया’ ही १९७७ सालची कादंबरी अमेरिकेतील असंख्य शाळांत वाचली जाते. तिच्यात जेस या मुलाची नवी मैत्रीण लेस्ली ओढ्यात बुडून मरते आणि उरलेली कथा त्या धक्क्यातून त्याने स्वतःला कसे सावरले याची आहे. लेखिकेच्या मुलाची बालमैत्रीण १९७४ साली वीज पडून दगावली, त्या आघातातून हे लेखन झाले. तेत्सुको कुरोयानागी यांच्या ‘तोत्तोचान’मध्येही पोलिओ झालेला मित्र यासुआकी मरण पावतो आणि बॉम्बहल्ल्यात शाळा जळून जाते, तरीही हे पुस्तक मराठी अनुवादातून मराठी वाचकांनी मनापासून आपलेसे केले. तेव्हा मुलांपासून दुःख लपवले जाते असे नाही, तर मराठीतले दुःख तेवढे लपवले जाते. परिणामी मुलाच्या मनात वाटणी होते: मैत्री, मत्सर, भीती, मृत्यू या गोष्टी इंग्रजीत बोलायच्या, आणि नमस्कार, आरती, पाढे, पोवाडा या मराठीत. आजी गेल्याचे कळल्यावर मूल आपल्या खोलीत जाऊन इंग्रजी मित्राला लिहिते आणि आईपाशी गप्प बसते, त्याचे एक कारण या वाटणीत आहे.

आजारी मुलाला पथ्य म्हणून मऊ भात देणे योग्यच, पण ते खडखडीत बरे झाल्यावरही वर्षानुवर्षे तोच भात वाढत राहिले तर ते दुसऱ्याच्या पंगतीत जाऊन बसणार; बोधकथांचेही तसेच आहे. मराठी ही केवळ संस्कारांची भाषा नाही, हे ज्या पिढीला ठाऊक आहे तिनेच ते पुढच्या पिढीला सांगितले पाहिजे. रंकाळा तलावावरच्या गप्पा, वसतिगृहातील भांडणे, दहावीनंतर पांगलेला मित्रांचा कंपू, एस. टी. स्टँडवर घेतलेले निरोप, हे सारे ज्यांनी मराठीतच भोगले त्यांनी मुलांना मात्र मराठीचा केवळ उत्सवी वेश दाखवावा, हे न्याय्य नाही. पोवाडा पाठ करून घेणे सोपे असते, कारण त्याला टाळ्या मिळतात. मुलाच्या शेजारी बसून मित्र दुरावल्याची गोष्ट वाचणे अवघड असते, कारण मूल त्यावर प्रश्न विचारते. ते प्रश्न येऊ द्यावेत, त्यांची उत्तरे येत नसतील तर तसे सांगावे, पण पुस्तक मिटू नये.

हे शब्द कठोर वाटले असतील तर त्याबद्दल क्षमा मागणे उचित ठरेल. सुट्टीच्या दिवशी स्वतःची झोप आणि घरची कामे बाजूला ठेवून मराठी शाळा चालवणाऱ्या स्वयंसेवकांनीच या भाषेला परदेशात धरून ठेवले आहे, आणि सोपी, निर्धोक पुस्तके निवडण्यामागे त्यांची मुलांविषयीची काळजीच आहे. शिवचरित्र किंवा इसापनीती काढून टाकावी, असेही येथे सुचवायचे नाही. अडचणीही खऱ्या आहेत. ‘झोंबी’तील कागलची बोली, म्हणजे त्या परिसरातील लोकांच्या नित्य बोलण्यातील मराठी, आणि लंपनची कानडी वळणाची वाक्ये मुलांना कठीण जातात, तरीही मोठ्याने वाचून दाखवल्यास बोली डोळ्यांपेक्षा कानाला लवकर कळते, याचा अनुभव घेऊन पाहण्यासारखा आहे. पुस्तके मागवण्याचा खर्च हा वेगळा विषय आहे. परदेशातील मराठी मुलांच्या जगावर मराठीत नवे कुमारसाहित्य पुरेसे लिहिले जात नाही, हा तर त्याहून मोठा विषय आहे आणि त्याचा विचार स्वतंत्रपणेच करावा लागेल.

तूर्त करण्याजोगी गोष्ट लहान आणि स्पष्ट आहे. पुढील वर्षाची पुस्तके मागवताना प्रत्येक मंडळाने वरीलपैकी निदान तीन पुस्तके यादीत घालावीत, मराठी शाळेच्या वरच्या वर्गात महिन्यातील एक तास केवळ वाचून दाखवण्यासाठी ठेवावा, आणि त्या तासानंतर तात्पर्य विचारू नये. त्याऐवजी मुलांना स्वतःच्या एखाद्या सुटलेल्या मित्राविषयी मराठीत चार ओळी लिहायला सांगाव्यात आणि त्यांतील शुद्धलेखनाच्या चुका त्या दिवशी दुरुस्त करू नयेत. मंडळाच्या दिवाळी अंकात अशा ओळींना जागा मिळाली, तर परदेशातील मराठी कुमारसाहित्याचा आरंभ तेथूनच होऊ शकेल.