फराळाचे पार्सल

या पानावर मी एरवी घरगुती गोष्टी लिहितो. आजचीही घरगुतीच आहे; फक्त तिचा एक पाय सातासमुद्रापलीकडे आहे.

परवा ताईकडे गेलो तो चकलीच्या भाजणीचा वास थेट जिन्यापर्यंत आलेला. डबे उन्हात वाळत होते. एवढ्यात अमेरिकेहून भाच्याचा फोन आला, "आई, यंदा पार्सल नको पाठवूस."

गेली अकरा वर्षे ताईचा फराळ न चुकता न्यू जर्सीला जातो. तिने प्रथम सुनेच्या डाएटवर संशय घेतला, मग स्वतःच्या चकलीवर. रात्री भाच्याने मला वेगळा फोन केला. "मामा, आईला इतक्यात सांगू नका. नोकरी गेली. पत्ता हाच राहील की नाही, ठाऊक नाही."

आता नोकरी काय, कुणाचीही जाते. इथे गेली असती तर पठ्ठ्या चार दिवस तोंड पाडून बसला असता आणि पाचव्या दिवशी दुसरीकडे अर्ज टाकला असता. तिथे मात्र नोकरी सुटली की घड्याळ सुरू होते. साठ दिवस! तेवढ्यात दुसऱ्या कंपनीने त्याच्यासाठी सरकारकडे अर्ज केला तर ठीक. दुसरी काही सोय झाली नाही, तर चंबूगबाळे आवरायचे.

या परवान्याला एच-वन-बी म्हणतात. १९९० च्या कायद्याने तो आला. कंपन्यांसाठी वर्षाला ६५,००० जागा, शिवाय तिथल्या विद्यापीठाची वरची पदवी घेतलेल्यांना आणखी २०,०००. अर्ज जास्त आले की सोडत. मुदत एका वेळी तीन वर्षे, एकूण सहा. पुढे कायम राहायचे तर ग्रीन कार्ड हवे. पण कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना वर्षाच्या वाट्यातली साधारण सात टक्केच मिळतात. साहजिकच आपल्या लोकांची रांग मारुतीच्या शेपटासारखी. रांगेत असलेल्याला सहा वर्षांनंतरही मुदतवाढ मिळते. म्हणून आमचा भाचा अकरा वर्षे 'तात्पुरता' आहे. त्याची मुलगी तिथे जन्मली, ती जन्मतःच नागरिक. एकाच घरात बाप पाहुणा आणि लेक यजमान!

ताईपासून काही लपत नाही. दोन दिवसांत तिने माझ्याकडून सगळे काढून घेतले. ऐकून म्हणाली, "म्हणजे आपल्या बाबांच्या क्वार्टरसारखंच की रे!"

मी चमकलो. आमचे वडील रेल्वेत होते. नोकरी होती तोवर क्वार्टर. बाबा साहेबापुढे कधी चढ्या आवाजात बोलले नाहीत, ते काही भित्रे होते म्हणून नव्हे. मुलांच्या डोक्यावरचे छप्पर साहेबाच्या कागदावर होते म्हणून.

भाच्याचेही तेच. कंपनी बदलता येते, नाही असे नाही. पण नव्या कंपनीने नवा अर्ज करायला हवा, ग्रीन कार्डाची बरीच कागदपत्रे पुन्हा पहिल्यापासून. मग माणूस पगारवाढीचा विषय काढताना दहादा विचार करतो, रात्री उशिरापर्यंत बसतो आणि 'हो' म्हणतो.

"पण आपण तिथल्या लोकांच्या पोटावर पाय देतो का रे?" ताईने विचारले. प्रश्न रास्त आहे. २०१५ साली फ्लोरिडात डिस्नेच्या नोकरीतून काढलेल्या संगणकवाल्यांची हकिकत तिथे गाजली होती. आपल्या जागी आलेल्या परदेशी माणसांना कामही त्यांनाच शिकवावे लागले, अशी त्यांच्यातल्या कित्येकांची तक्रार होती. ज्याच्यावर ती पाळी येते त्याने रागावू नये तर काय करावे? कायदा सांगतो, परदेशी माणसाला त्या भागातल्या चालू दरापेक्षा कमी पगार देऊ नका. पण वर्षानुवर्षे त्या दराच्या चार पायऱ्या ठरवलेल्या होत्या आणि खालच्या दोन मधल्या पगाराच्याही खाली. फट तिथेच होती.

२०२५ च्या सप्टेंबरात तिथल्या अध्यक्षांनी फर्मान काढले, बाहेरून नवा माणूस आणायचा तर अर्जामागे एक लाख डॉलर भरा. दाराला मोठे कुलूप लागले. आत बांधलेल्या माणसाचे दावे मात्र तसेच राहिले. माझ्या अल्पमतीला वाटते, खोट त्या दाव्यात आहे. बांधलेला माणूस जास्त मागू शकत नाही, आणि तो मागत नाही म्हणून शेजारच्या टेबलावरच्या गोऱ्यालाही कमीच मिळते. परवाना नोकरीचा न राहता माणसाचा झाला तर दोघांचेही भले आहे. पण दोघे एकमेकांकडेच डोळे वटारून बघतात!

ज्यांची मुले उद्या तिकडे जायला निघतील, त्या आईबापांना एवढेच सांगेन. पेढे जरूर वाटा. पण मुलाला सांगून ठेवा की हे घर नव्हे, क्वार्टर आहे. सहा महिन्यांचा खर्च बाजूला असू दे. आणि पाय घसरला तर आधी घरी कळव. त्यात लाज कसली?

काल ताईने भाच्याला स्वतःच फोन लावला. रडली नाही. "किती दिवस राहिले?" तो म्हणाला, "एकेचाळीस." "मग पार्सल पोचतंय," असे म्हणून तिने पत्ता लिहायला घेतला.

निम्म्या चकल्या मात्र तिने घरच्या डब्यात ठेवल्या आणि झाकण घट्ट लावले. मी बघतोय असे पाहून म्हणाली, "राहू देत. आलाच तर त्याला लागतील."